सदतिसावं चित्र

सकाळी साडेसहाला फोन एकदाच टुण्णकन वाजायचा, तो आज वाजला नाही. प्रतापरावांनी घड्याळाकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, आणि आपलंच काहीतरी चुकलं असणार असं धरून आधी फोनचा आवाज तपासला, मग नेट, मग तारीख. सगळं जागच्या जागी होतं. गुरुवार होता. ओट्यावर कॉफीचं डिकॉक्शन थेंबाथेंबानं उतरत होतं, खाली गल्लीत कुणीतरी शटर वर ढकललं, तो आवाजही रोजच्या वेळेलाच आला. गेले अकरा दिवस हा निरोप येत होता, तिकडच्या संध्याकाळी धाडलेला आणि इकडच्या सकाळी पोचणारा : 'सुखरूप. मुक्काम इथे.' खाली नकाशावर एक ठिपका. मेघाश्री, त्यांची एकुलती एक मुलगी, अमेरिकेतल्या वाळवंटी दऱ्यांच्या मुलखात पाठीवर अठरा किलोची सॅक घेऊन एकटीच चालत होती. तेवीस दिवसांची वाट. तिथे फोन चालत नाही, म्हणून सॅकच्या पट्ट्याला काडेपेटीएवढं एक यंत्र अडकवलेलं. त्याचं बटण दाबलं की निरोप उपग्रहाला जातो आणि तिथून बेंगळुरूला, कॉटनपेठेतल्या या दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात. ठिपका आला की प्रतापराव तो टेबलावर पसरलेल्या नकाशावर पेन्सिलीनं उतरवून घ्यायचे. अगदी फिकट. चुकला तर खोडता यावा म्हणून.

"पडला का रे ठिपका?" देवापाशी बसलेल्या भागीरथीबाईंनी विचारलं. त्यांची ही थोरली बहीण नवऱ्यामागं वीस वर्षं त्यांच्याकडेच होती, आणि प्रतापरावांची बायको गेल्यापासून घर तिच्याच आवाजावर चालत होतं.

"नाही अजून, अक्का."

"मग पडंल. तिथं काय आपला पोस्टमन आहे वेळेवर यायला? कॉफी आण स्वल्प. आणि अंड्यावर कोंबडी बसावी तसा त्या फोनवर बसू नकोस."

त्यांनी कॉफी नेऊन दिली. सात वाजले, साडेसात वाजले. घाबरायचं नाही, असं ठरलेलंच होतं. निघण्याआधी मेघानं फोनवर सगळं नीट समजावून सांगितलं होतं, त्यांना लिहूनही घ्यायला लावलं होतं. दरीत आकाशाची पट्टी चिंचोळी असते, कधी उपग्रह सापडत नाही. एक निरोप चुकला तर काही करायचं नाही. लागोपाठ दोन चुकले तर या नंबरावर फोन करायचा. तो तिथल्या सुटका करणाऱ्या लोकांच्या कचेरीचा. आणि मग ती जरा थांबून म्हणाली होती, "अप्पा, तिथल्या कागदावर कुणाचं तरी एक नाव लिहावं लागतं. मी तुमचं दिलंय. ऑफिसातल्या कुणाचं नाही, मैत्रिणींपैकी कुणाचं नाही. तुमचं." त्या थांबण्यात काय होतं ते दोघांनाही ठाऊक होतं. सहा वर्षांपूर्वी ती कोडगूच्या जंगलात एकटीच गेली होती. सांगितलेल्या वेळेवर तीन तास उलटले तसा प्रतापरावांचा धीर सुटला आणि त्यांनी थेट तिच्या साहेबांना फोन लावला. साहेबांनी वनखात्याला. ती जंगलातून बाहेर आली तेव्हा नाक्यावर जीप उभी, चार माणसं उभी, आणि सोमवारी ऑफिसात सगळे हसत होते. ती त्यांना काहीच बोलली नाही. फक्त पुढची दोन वर्षं ती कुठे चालायला जाते ते त्यांना कळलं नाही. फोन यायचा, जेवणाखाणाचं बोलणं व्हायचं, आणि मागून कधीतरी वाऱ्याचा किंवा पाण्याचा आवाज ऐकू यायचा. तेव्हा, कागदावर आपलं नाव आहे ही गोष्ट ते गेले अकरा दिवस जपून, न सांडता, भरलेल्या वाटीसारखी घेऊन फिरत होते.

वडिलांनी नाव ठेवलं प्रतापराव. आयुष्यात प्रताप म्हणावा असं एकही काम त्यांच्या हातून झालं नव्हतं. चिकपेटेतलं कापडाचं दुकान भावांनी सांभाळलं, कारण गिऱ्हाइकाशी बोलताना याची मान वर होत नाही हे वडिलांनी फार लवकर ओळखलं. ते भूगर्भशास्त्राच्या एका संस्थेत ग्रंथपालाचे मदतनीस म्हणून लागले आणि चौतीस वर्षांनी मदतनीस म्हणूनच निवृत्त झाले. कुणी काही विचारलं की त्यांच्या तोंडून आधी 'बहुधा' निघायचं. बहुधा तिसऱ्या कपाटात असेल. बहुधा ती आवृत्ती एकोणिसशे सातची. पुस्तक तिसऱ्याच कपाटात असायचं आणि आवृत्ती सातचीच निघायची, तरी पुढच्या वेळी पुन्हा 'बहुधा'. बायको म्हणायची, माझ्याशी लग्न तरी नक्की झालंय का तुमचं?

काल मात्र ते 'बहुधा' म्हणाले नव्हते. आंघोळीचं पाणी अंगावर घेताना हे एकाएकी आठवलं आणि तांब्या हातातच राहिला. काल सकाळी ठिपक्याच्या पाठोपाठ मेघाचा फोनही आला होता. अकराव्या मुक्कामी वाट एका कच्च्या रस्त्याला लागते, तिथे तिनं आधीच जमिनीत पुरून ठेवलेला धान्याचा डबा उकरून काढायचा होता, आणि त्या एका उंचवट्यावर फोनला थोडी रेंज होती. आवाज कोरडा, जरा घोगरा, पण खुशीत. ओठ फुटलेत म्हणाली. बुटातली वाळू दिवसातून सात वेळा झाडते म्हणाली. रात्री इतकी शांतता असते की कानात आपलंच रक्त ऐकू येतं. आणि मग म्हणाली, "अप्पा, इथून दोन वाटा आहेत. एक वरनं, पठारावरनं जाते. दुसरी आपल्या हंड्याच्या दरीतनं. खाली पाणी असेल का हो? तुमच्या त्या जाड्या पुस्तकात काय होतं?" आणि त्यांनी क्षणाचाही विचार न करता सांगून टाकलं, "आहे. बारमाही आहे. दीड दिवसावर, उजव्या हाताच्या कड्याखाली. चित्रच आहे त्याचं." तिकडे थोडा वेळ नुसता वारा ऐकू आला. मग ती म्हणाली, "बरं, बघते मग." रेंज गेली. फोन ठेवल्यावर त्यांना किती बरं वाटलं होतं! अक्कांना त्यांनी दोनदा सांगितलं, मेघानं मला वाट विचारली. इडलीवर चटणी त्यांनी कधी नव्हे ती मागून घेतली. आज अंगावरचं पाणी वाळत आलं तरी ते मोरीत तसेच उभे राहिले, आणि डोळ्यांपुढे ते चित्र आणायला लागले.

चित्र आलं, लगेच आलं. चाळीस वर्षांपूर्वी पहिल्यांदा पाहिलेलं. कड्याच्या पायथ्याशी खडक आतून पोखरून झालेली कमान, तिच्या सावलीत पाण्यानं भरलेला एक रांजणखळगा, काठावर नेच्यांची नाजूक झालर, आणि मापासाठी शेजारी उभा केलेला टोपीवाला माणूस, नखाएवढा. ते पुस्तक म्हणजे त्या मुलखाच्या पहिल्या पाहणीचा सव्वाशे वर्षांपूर्वीचा अहवाल. संदर्भग्रंथ घरी न्यायची परवानगी नव्हती, पण शनिवारी संध्याकाळी ते पिशवीत टॉवेलाखाली घालून आणायचे आणि सोमवारी सकाळी परत ठेवायचे. आयुष्यातली एवढी एकच चोरी. सहा वर्षांची मेघा पोटावर पालथी पडून पानं उलटायची. चित्रावरचा पातळ कागद उचलायचा मान तिचा. खळगा बघून ती म्हणाली, "अप्पा, हंडा!" तेव्हापासून ती हंड्याची दरी. पुस्तकातलं नाव दुसरंच काहीतरी होतं. तिला त्या मुलखाचं वेड कुणी लावलं असं कुणी विचारलं असतं, तर उत्तर त्या टॉवेलाखाली होतं. पण आता डोळे मिटून ते चित्राच्या शेजारचं पान वाचायचा प्रयत्न करत होते, आणि पान येत नव्हतं. मजकुरात पाण्याबद्दल काय होतं? एक ओळही आठवेना. बारमाही हा शब्द कुठून आला आपल्या तोंडात? चित्रात पाणी होतं म्हणून? चित्र कोणत्या महिन्यातलं? ते पाणी त्यांनी वाचलेलं नव्हतंच, नुसतं पाहिलेलं होतं.

"कुठं निघालास?" अक्का म्हणाल्या.

"होसकोटेला. एक पुस्तक बघायचंय."

"अय्यो! पोरगी तिकडं वाळवंटात, आणि हा पुस्तक बघायला चाललाय. तुझी बायको शहाणी, वेळेवर गेली."

"दुपारपर्यंत येतो."

"डोक्याला टोपी घाल. आणि फोन वरच्या खिशात ठेव, पिशवीत टाकून बहिरा होऊ नकोस."

संस्थेनं जुनी पुस्तकं आता होसकोटेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गोदामात नेऊन ठेवली होती. चिकपेट स्टेशनचे सरकते जिने त्यांना पाताळात उतरवत गेले तसे ते भिंतीकडे बघत राहिले. ग्रॅनाइटच्या गुळगुळीत लाद्यांमागे खरा ग्रॅनाइट आहे, तीन अब्ज वर्षांचा, हे या गर्दीतल्या एकालाही आठवायची गरज पडत नव्हती. मॅजेस्टिकला गाडी बदलली, केआर पुरमला उतरून बस धरली. खिडकीशी ऊन येत होतं, ऑक्टोबरातलं, फार नाही. त्यांनी मनातल्या मनात तिच्या पाण्याचा हिशेब मांडला. पुढं दीड दिवसावर पाणी आहे असं धरलं तर माणूस चार लिटर घेईल. नाही असं धरलं तर आठ. चार लिटर म्हणजे चार किलो. चालणारा माणूस उगाच चार किलो वाहत नाही, विशेषतः बापानं खात्रीनं सांगितल्यावर. तिकडच्या काल सकाळी, म्हणजे आपल्या काल रात्री, ती निघाली असेल. दोन्ही बाजूंना तांबडे कडे, मध्ये कोरड्या पात्रातली वाळू, पाऊल टाकलं की अर्धं मागे घसरणारी. दुपारी कड्याची सावली पात्राच्या कडेला बोटभर येते, त्या बोटभर सावलीत अंग चोरून बसायचं. पिवळी पडलेली झाडं दिसली की माणसाला वाटतं पाणी आलं. पण झाडांची मुळं माणसाच्या हातापेक्षा खोल जातात. हे सगळं त्यांनी वाचलेलं होतं. सगळंच त्यांनी वाचलेलं होतं. बस सिग्नलला थांबली आणि शेजारच्या बाईनं त्यांना विचारलं, अज्जा, तुमची तब्येत बरी आहे ना. त्यांनी मान हलवली. आपण ओठांवरून सारखी जीभ फिरवत होतो हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं.

गोदामात रंजिता होती. निपाणीकडची, त्यांच्या हाताखाली लागलेली, आता केसांत पांढरं आलेली.

"सर! किती वर्सांनी आलायसा! बसा की. पाणी देऊ?"

"नको. म्हणजे, दे." ते म्हणाले. "रंजिता, तो पाहणीचा अहवाल... तांबडी पाठ... दुसरा खंड."

"तुमचं लाडकं व्हय? आमच्या नव्या साहेबांना तर म्हाईत पण न्हाई त्ये. सर, आता कोण येतंय पुस्तक बघायला? मागच्या म्हैन्यात एक मांजर येऊन व्याली बघा, नकाशांच्या खणात." बोलता बोलता ती शिडीवर चढलीसुद्धा. "तुम्ही लावलेला क्रमांक हाय, म्हणून घावतंय. न्हाईतर हितं काय बी घावत न्हाई."

खंड टेबलावर आला. त्याचं वजन हातांना ओळखीचं होतं. जुजबंदी, पानांची शिवण, अजून पक्की होती, पाठ जराही सुटली नव्हती. पान दोनशे बारा त्यांनी न शोधता उघडलं. डाव्या हाताला मजकूर, उजव्या हाताला पातळ कागद, त्याखाली चित्र. कमान, हंडा, नेचे, टोपीवाला. त्यांनी चष्मा पुसून मजकूर वाचायला घेतला. दरीची लांबी, कड्यांची उंची, थरांचा उतार. पाण्याचं नाव नाही. पान उलटलं, शेवटच्या परिच्छेदात एक ओळ होती : या दरीत आमच्या घोड्यांना दोन दिवस पाणी मिळालं नाही. त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग पुन्हा चित्राकडे आले. चित्राखालची ओळ वाळवीनं खाल्लेली होती, तेवढा आकडा उरला होता, सदतीस. आणि मग त्यांनी पुस्तकाच्या सुरुवातीची चित्रांची यादी काढली. सदतीस, पान एकशे अठ्ठ्याऐंशी समोर. ती दरी वेगळी होती, पठाराच्या पल्याड, पश्चिमेला, पन्नास मैलांवर.

मल्लाप्पा. चिकोडीकडचा तो बांधणीवाला त्यांना जसाच्या तसा आठवला, कोपरापर्यंत खळीनं माखलेला, कानामागे विडी. पावसात छत गळून हा खंड भिजला होता, चित्रं सुटून आली होती, आणि बांधणी करून घ्यायचं काम प्रतापरावांकडे होतं. संध्याकाळ होत आलेली. बाकीच्या चित्रांखालच्या ओळी शाबूत होत्या, ती जागच्या जागी गेली. हे एकच उरलं, याची ओळ वाळवीनं आधीच खाल्लेली. मल्लाप्पा चित्र हातात धरून म्हणाला, "सायेब, ह्ये कुटं घालू?" यादी पहिल्या फर्म्यात, म्हणजे सुरुवातीच्या पानांच्या जुडीत होती, आणि पहिला फर्मा ओल्या खळीनं चिकटवून वजनाखाली दाबलेला. "उद्या सकाळी बघून सांगतो," एवढंच म्हणायचं होतं. पण मल्लाप्पाचं एक पाऊल दाराकडे होतं. "पटदिशी सांगा की वो. साची बस गेली की मग माझी रात स्टँडावरच. कडा हितं बी हाय, तितं बी हाय. चितार चितारच की." माणसाला आपल्यापायी खोळंबा नको. त्यांनी चित्राकडे पाहिलं, उघड्या पानाकडे पाहिलं, थरांच्या रेघा जरा सारख्या वाटल्या, आणि ते म्हणाले, "इथेच बहुधा." मल्लाप्पानं कडेला खळीचं बोट फिरवलं आणि चित्र दोनशे बारासमोर बसवलं. तेवढंच झालं. चाळीस वर्षं त्यांनी, आणि पुढं त्या पोरीनंही, त्या कोरड्या दरीत पाणी पाहिलं. आणि काल सांगताना नेमका तो 'बहुधा' तेवढा गळून पडला होता.

ते बाहेर येऊन गोदामाच्या पायरीवर बसले. समोर ट्रक उभा होता, कुणीतरी लोखंडी सळ्या उतरवत होतं, त्यांचा खणखणाट मोजून होत होता. साडेतीन वाजले होते. तिकडे पहाटेचे चार. आता मात्र मन विचित्र शांत झालं, गणित सोडवायला घेतल्यासारखं. नियमाप्रमाणे उद्या सकाळी साडेसहापर्यंत थांबायचं. आज सकाळी निरोप आला नाही, तो एकच. पण उद्याच्या साडेसहापर्यंत तिकडची संध्याकाळ होईल, आणि ती दुपारी त्या कड्याखाली पोचलेली असेल, रिकाम्या बाटल्या घेऊन. आत्ता सांगितलं तर तिथली माणसं उजाडताच खालच्या बाजूनं पाणी घेऊन दरीत शिरू शकतात. नाही सांगितलं तर आपलं नाव कागदावर राहील. सांगितलं, आणि ती धडधाकट चालत बाहेर आली, आणि नाक्यावर पुन्हा माणसं उभी दिसली, तर? कोडगू झालं तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती, दोन वर्षांत विसरली. आता त्यांचं वय एकाहत्तर. तशा आणखी दोन वर्षांच्या मुकेपणाला त्यांच्याकडे वेळ असेल की नसेल. हे असं स्वतःचं वय मध्ये आणल्याची त्यांना लाज वाटली. ती ओळ आठवली, घोड्यांना दोन दिवस. घोड्यांचं पुढे काय झालं ते लिहिणाऱ्यानं लिहिलं नव्हतं.

"सर, च्या आणू का?" रंजिता दारात आली.

"थांब जरा. एक फोन करायचाय. परदेशात. मोठ्यानं बोलावं लागेल बहुधा."

"बोला की. ह्या सळ्यांच्यापेक्षा का मोठा आवाज हाय तुमचा?"

परदेशी फोन लागेल अशी सोय मेघानंच करून दिली होती. चौथ्या घंटेला एका बाईनं उचलला, आवाज झोपेतला नव्हता. प्रतापरावांनी इंग्रजी वाक्य मनात जुळवून ठेवलं होतं ते पहिल्याच श्वासात विस्कटलं. मग त्यांनी वाक्य सोडलं आणि नुसतं सांगत गेले, ग्रंथपाल सांगतो तसं, खंड, पान, जागा. मुलीचं नाव. शेवटचा ठिपका, अक्षांश, रेखांश. दरीचं नाव, पुस्तकातलं. पाणी आहे असं मी तिला सांगितलं. तिथे पाणी नाही. बाईनं विचारलं, तुमच्यात किती दिवस थांबायचं ठरलं आहे? दोन. आणि किती झाले? एक, तोही पुरता नाही. ते म्हणाले, "नियम मला माहीत आहे. तिची चूक काही नाही. चूक माझी आहे, म्हणून मी आज फोन करतोय." एवढं सरळ वाक्य आपण कधी कुणाला म्हटल्याचं त्यांना आठवेना. बाईनं सगळं परत वाचून दाखवलं. रेखांशातला एक आकडा चुकला होता, त्यांनी तो दुरुस्त केला. उजाडल्यावर दोन माणसं खालून, नदीच्या बाजूनं पाणी घेऊन दरीत शिरतील, आणि एक गाडी वर पठाराच्या रस्त्याला उभी राहील, ती म्हणाली.

घरी आले तेव्हा दिवेलागण झाली होती. अक्कांनी चेहरा बघितला आणि भात कालवून पुढे ठेवला. अर्धा जेवल्यावर त्यांनी सगळं सांगितलं, मल्लाप्पापासून. अक्का ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "एवढ्या मोठ्या पुस्तकात एक चित्र इकडचं तिकडं. आणि तू चाळीस वर्षं घरातल्या पेपराची घडीसुद्धा कुणाला मोडू दिली नाहीस." त्या हसल्या नाहीत. पानात आणखी भात वाढत म्हणाल्या, "फोन केलास ते सरी केलंस, बरोबर केलंस. रागावली तर रागावू दे. रागवायला जागेवर असली पाहिजे." त्या रात्री ते झोपले, याचंच त्यांना नंतर नवल वाटलं. आपल्याकडून व्हायचं ते होऊन गेलं की अंग असं जड आणि रिकामं होतं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

शुक्रवारी सहाला, अजून तोंडही धुतलं नव्हतं, फोन आला. अनोळखी नंबर.

"अप्पा."

ते पलंगाच्या कडेवर बसले.

"अप्पा, आहात ना? मी बरी आहे. इथल्या गाडीतनं बोलतेय, यांच्या फोनवरनं. यंत्राची चार्जिंगची वायर उंदरांनी कुरतडली, रात्री सॅक उघडी राहिली. बॅटरी मेली."

"पाणी?" ते म्हणाले.

"आहे की. भरपूर आहे. मी वरनंच आले, पठारावरनं. गुरांसाठी टाकी आहे तिथं, पवनचक्कीची." मग तिचा आवाज बदलला. "दोन माणसं आज दिवसभर खाली माझ्यासाठी पाणी घेऊन चालली, अप्पा. मी संध्याकाळी आरामात रस्त्याला येते, तर गाडी उभी. नियम काय ठरला होता आपला?"

"दोन दिवस."

"मग?"

"चित्र चुकीच्या जागी होतं. मीच लावलं होतं ते, बांधणीच्या वेळी. मला वाटलं, तू माझ्या शब्दावर खाली उतरलीस."

ती हळू म्हणाली, "मी निघायच्या आधीच इथं विचारलं होतं. त्या दरीत पाणी नाही, कधीच नव्हतं म्हणाले. मला ठाऊक होतं."

"मग मला कशाला विचारलंस?"

"अकरा दिवस मी कुणाशी बोलले नव्हते. फोन लागला. तुम्हाला काय विचारावं कळेना. तुम्हाला येईल असा प्रश्न विचारला. आणि तुम्ही इतक्या खात्रीनं सांगितलंत... कधी असं बोलत नाही तुम्ही. मला नाही म्हणवेना."

प्रतापराव पायाखालच्या फरशीकडे बघत राहिले. काल दिवसभर ते आपल्या शब्दाचं ओझं वाहत होते; आणि त्या शब्दाचं तिच्या पाठीवर गुंजभरही वजन नव्हतं. फार मोठी सुटका झाली होती, आणि सुटकेच्या कडेला कुठेतरी बारीक खुपत होतं, इतकं बारीक की त्याबद्दल तक्रार करणं म्हणजे कृतघ्नपणा. त्यांना हसूही येऊ लागलं.

"तू रागावलीस," ते म्हणाले.

"हो. त्या माणसांच्या पायांना फोड आलेत." मग म्हणाली, "ती फोनवरची बाई वायरलेसवरनं इथं सगळ्यांना सांगतेय, एवढी नेमकी माहिती आजपर्यंत कुणी दिली नाही म्हणे. तिनं विचारलं मला, पुढच्या वाटेसाठी नाव तेच ठेवायचं की बदलायचं."

प्रतापरावांनी फोन दुसऱ्या कानाला धरला.

"ठेव म्हटलं तेच. अप्पा, तुमच्यामुळेच आलेय मी इथं. पण पाणी माझं मी बघते. समजलं?"

"समजलं."

दारात अक्का येऊन उभ्या राहिल्या होत्या, पदर तोंडाशी धरून. त्यांनी अक्कांना हातानंच सांगितलं, आहे, बरी आहे. अक्का तिथेच उंबऱ्यावर टेकल्या.

फोन ठेवायची वेळ झाली होती, मागे कुणीतरी तिला हाक मारत होतं. एरवी त्यांनी 'जपून जा' म्हटलं असतं आणि ठेवून दिला असता. ते म्हणाले, "ती दरी. वरून दिसली का तुला?"

"दिसली ना. कडेकडेनंच चालत होते की दिवसभर."

"कशी आहे?"

ती सांगायला लागली. आधी घाईत, मग सावकाश. तांबडी नाहीच म्हणाली, सकाळी तर जुन्या पितळेच्या रंगाची होती, आणि तळाशी धूर असावा तशी निळी, आणि वास येतो, अप्पा, दगड तापल्याचा वास खालून वर येतो, भाकरीचा तवा रिकामा राहिला की येतो ना, तसा. ती सांगत गेली. त्यातलं काहीच त्यांनी वाचलेलं नव्हतं.